पाण्याला शीग राहत नाही

आधीच सांगते, माझे शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मला अजून नीट कळत नाही. अक्षर तर कोंबडीने माती उकरावी तसे. हाताला पेनापेक्षा भात ढवळायच्या दांड्याची सवय जास्त, म्हणून ओळी वर-खाली जातात. वाचनालयातल्या मुली अंकासाठी काहीतरी लिहून मागायला आल्या तेव्हा मी आत जाऊन बसले होते. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही. पण वहीसमोर येते, असे माझ्या मुलीचे, सुषमाचे म्हणणे. तिच्या मुलाच्या वहीची मागची पाने कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. द्यायचे की नाही ते लिहून झाल्यावर बघेन. दिलेच, तर चुका सुधारून घ्याव्यात.

मी तीस-बत्तीस वर्षे भात उकडायचे काम केले. आमच्या पेडण्याकडे उकडा तांदूळ खातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो होतो कसा हे आजकालच्या मुलांना सांगावे लागते. भात म्हणजे सालासकट दाणा. तो पाण्यात भिजवायचा, मग तांब्याच्या मोठ्या भाणात चुलीवर चढवायचा. वाफ वर आली की दाण्याचे तोंड किंचित फुटते. फुटले नाही तर तांदूळ गिरणीत मोडतो, जास्त फुटले तर पेज चिकट होते. मधली वेळ साधायची. ती घड्याळात बघून कळत नाही, दाणा दातांखाली धरून कळते. मग उपसायचे, अंगणात पातळ पसरायचे, दर थोड्या वेळाने पायाने सऱ्या ओढायच्या, कोंबड्या हाकायच्या. दोन दिवसांनी गिरणीत.

पहिली काही वर्षे मी हे मजुरीवर करत असे. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायका पायलीने मोजून भात आणून देत. पायली म्हणजे आमचे माप, जाड पत्र्याचे, गोल. पण नुसती भरलेली पायली कोणी देत नसे. वर शीग लावायची. दाणे ओतत राहायचे, डोंगराचे टोक व्हावे तसे टोक येईपर्यंत, आणि शेवटचे चार दाणे घसरून खाली पडले की पायली पुरी झाली. काठाशी हात फिरवून सपाट पायली देणाऱ्या बाईला वाड्यावर नावे ठेवत. मीही तांदूळ परत देताना शीग लावूनच देत असे. शीग यायची आणि शीग जायची. तिचा हिशेब कोणी करत नसे.

सुषमा पाचवीत गेली त्या वर्षी हे बदलले. आमचे हे डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे, रविवारी घरी यायचे. घरात पैसा पुरत नव्हता. मी ठरवले की मजुरीवर न राहता भात आपणच विकत घ्यायचे, उकडायचे आणि तांदूळ विकायचा. धारगळच्या हमरस्त्यावर पुंडलिकबाबांचे दुकान होते. पदर डोक्यावरून पुढे ओढून मी त्यांच्याकडे गेले.

ते म्हणाले, "रुक्मिणीबाय, तांदूळ घेतंय. पण पायलीन नको. पायलीचो जमानो गेलो. आता गिरायक किलोन मागता."

"आणि भाताचा दर?" मी विचारले.

"किलोक दोन रुपये चल्लाहा. तुमच्या पायलीत किती किलो बसता ता बघ, म्हणजे बायकांक कितके देवचे ता कळतला."

दुसऱ्या दिवशी मी पायली आणि भाताची पिशवी घेऊन बसने गेले. दुकानात सात-आठ माणसे उभी होती. मी पायली भरली, शीग लावली आणि तराजूच्या पारड्यात ओतायला गेले. पारडे लहान. दाणे सांडतील, माणसे हसतील, या भीतीने मी वरची शीग हाताने पुसून पिशवीत टाकली आणि सपाट पायली ओतली. अडीच किलो भरले. अडीच किलोचे पाच रुपये. पायलीला पाच रुपये, असा दर मी सात घरांना सांगितला. पुढचे सगळे त्या एका हातपुसण्यातून झाले, पण तेव्हा मला काहीच कळले नाही.

तराजूची मला फार भीती वाटायची. पुंडलिकबाब "सतरा किलो साडेतीनशे" असे भराभर म्हणायचे आणि मी नुसती मान हलवायची. एकदा त्यांनी विचारले, "बरोबर मा?" मी होय म्हणाले. ते हसत म्हणाले, "चूक आसा गो. तुकाच कमी मिळाले असते." त्यांनीच दुरुस्त केले, पण घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

तेव्हापासून मी सुषमाचे गणिताचे पुस्तक घेऊन बसू लागले. दुपारी अंगणात भात वाळत असायचे. एका हातात कोंबड्या हाकायची काठी, दुसऱ्या हातात कोळसा. ओटीच्या कडेला उदाहरणे सोडवायची आणि सुषमा शाळेतून यायच्या आत पाणी टाकून पुसायची. मुलीपेक्षा मागे राहिले तर तिला शिकवणार काय, अशी लाज वाटायची. पण तिने एकदा पुसायचे राहिलेले बघितले. बाजूला कोळशाने बरोबरची खूण काढली आणि पाव खायला आत गेली. त्यानंतर आम्ही दोघी मिळून सोडवू लागलो.

वजन, धारकता, क्षेत्रफळ, घनफळ. चौथीपर्यंत मला फक्त पहिले दोन शब्द माहीत होते. पुस्तकातली माणसे मजेशीर. एक दूधवाला रोज साडेतेरा लिटर दूध घेई आणि एक थेंब सांडू न देता अठ्ठावीस घरांना वाटी. एक शेतकरी आयताकृतीच शेत करी. आमच्याकडे एकाचे तरी शेत आयताकृती दाखवा. पण हसत हसत मला उपयोग होऊ लागला.

मांद्र्याला समुद्राजवळ पाहुण्यांच्या खोल्या चालवणारी एक बाई माझ्याकडून तांदूळ न्यायची. एकदा तिने पोते परत पाठवले. आंबूस वास येत होता. मी उकडण्याला दोष देत बसले होते. सुषमाने क्षेत्रफळाचे उदाहरण आणले आणि मी अंगण काठीने मोजले. सहा मीटर लांब, चार रुंद. चोवीस चौरस मीटर. एका पायलीला नीट वाळायला दीड चौरस मीटर जागा लागते, हे मी एक पायली पसरून बघितले. भाणात एका वेळी बारा पायल्या, म्हणजे अठरा चौरस मीटर. आणि मी लोभाने दोन वेळा उकडलेले एकदम पसरत होते. चोवीस पायल्यांना छत्तीस लागणार, अंगण चोवीसच. भात जाड थरात घामेजत होते. मी शेजारचे खळे वापरायला मागून घेतले आणि वास गेला. मांद्र्याची बाई पुन्हा तांदूळ नेऊ लागली. तिला मी कारण सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही शाळेत शिकवता का?" तो दिवस मला अजून आठवतो.

हंगाम संपला तेव्हा आणखी एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली. सत्तर भाण भात उकडले होते. आठशे चाळीस पायल्या. अडीच किलोने एकवीसशे किलो भात. त्याचे तांदूळ किती होतील ते मी आधीच काढून ठेवले होते, तर प्रत्यक्षात पाचेक पोती जास्त झाले. मला वाटले, माझ्या उकडण्यात मोड कमी होते, माझ्या हाताला गुण आहे. मी कोणाला म्हटले नाही, पण मनात फुगले. त्या पैशातून मी डिचोलीच्या बाजारातून दुसरे भाण आणले. नवे, लखलखीत तांब्याचे. हे म्हणाले, "आता तू कारखानो घाल." मी दोन दिवस येता-जाता भाणाकडे बघत होते.

पावसाळ्याच्या तोंडाला सुषमाला धारकतेचे एक उदाहरण सुटत नव्हते. एक टाकी आहे, तिच्यात काठोकाठ अमुक लिटर पाणी मावते, चार लिटरच्या भांड्याने किती वेळा ओतावे लागेल, असे काहीतरी. तिला कळावे म्हणून मी म्हटले, पायली घे, बाल्दी घे, ओतून बघ. ती विहिरीवर गेली. पायलीत पाणी ओतत राहिली, पाणी बाजूने वाहत राहिले, तिचा परकर भिजला.

"आये, पाण्याक शीग कित्याक रवना नाय गे? भाताक रवता, मगे पाण्याक कित्याक नाय?"

मी हसून म्हटले, "पाणी कंजूष गो. तेका मापाभायर एक थेंब देवक येणा नाय."

ती म्हणाली, "म्हणजे काठोकाठ म्हणजे शीग सोडून?"

"होय."

"मगे आमच्या पायलीत अडीच किलो बसता ता काठोकाठ, काय शीग धरून?"

तिने सहज विचारले. ती पुन्हा पाणी ओतू लागली आणि मी विहिरीच्या काठावर बसले. धारगळचे दुकान, लहान पारडे, माझा हात, सगळे डोळ्यांपुढे आले. मी सपाट पायलीचे वजन केले होते. बायका मला शीग लावून भात देत होत्या.

सकाळच्या बसने मी पुन्हा पुंडलिकबाबांकडे गेले. या वेळी घरीच शिगेची पायली भरून पिशवीत ओतून नेली होती. तीन किलो भरले. पुंडलिकबाब म्हणाले, "आज पायली वाढली काय गो?"

पायलीमागे अर्धा किलो. अर्ध्या किलोचा एक रुपया. आठशे चाळीस पायल्या, आठशे चाळीस रुपये. हे उदाहरण मला कोळसा न घेता सुटले. त्या वेळी बाईमाणसाला दिवसाला आठ-दहा रुपये मजुरी मिळायची. माझ्या हाताच्या गुणाची पाच पोती म्हणजे दुसरे काही नव्हते, सात घरांच्या शिगा होत्या. त्यांचेच भाण माझ्या चुलीवर बसले होते.

रविवारी ह्यांना सांगितले. ते बराच वेळ चहा ढवळत राहिले.

"कोणाक कळला?"

"माका कळला."

"तुका कळला म्हणजे कोणाक कळूक नाय. गप रव. भाण इकून घालतलंस? मगे उकडतलंस कित्यात?"

ते वाईट माणूस नव्हते. महिन्याचा हप्ता, घराचे छप्पर, सगळे त्यांच्या डोक्यात होते. मीही दोन दिवस गप्प राहिले. पण बायका विहिरीवर भेटायच्या, "कशी गो रुक्मी?" म्हणायच्या आणि मला त्यांच्याकडे बघता येत नसे. शेवटी मी ठरवले, सगळ्यांत कठीण घर आधी. जयवंतीकाकीचे. तिची जीभ सगळा वाडा ओळखून होता. पायलीला पाच रुपये दर ऐकून "कमी वाटता गो" असे म्हणणारीही ती एकटीच होती.

मी दारात उभी राहून सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही, खाली बघून एका दमात सांगितले असणार. काकी आधी नीट समजून घेत राहिली, मग अंगणात येऊन मोठ्याने म्हणाली, "म्हणजे आखो हंगाम तू आमका लुटलंस!"

"चुकून झाला काकी. तुझ्या एकशे साठ पायल्या. एकशे साठ रुपये मी देतंय."

"आणि व्याज खंय?"

व्याजाचे उदाहरण आमच्या पुस्तकात अजून आले नव्हते. मी तसे म्हणाले. खरेच म्हणाले, दुसरे काही सुचले नाही. काकीला हसू फुटले. पण हसू फुटले तरी तिने बातमी पोटात ठेवली नाही. संध्याकाळपर्यंत वाड्यावर सगळ्यांना कळले. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, आड बसून मी ऐकत होते. कोणी म्हणत होते, रुक्मीने शिगा खाल्ल्या. कोणी म्हणत होते, पकडली गेली म्हणून सांगते.

पुढच्या हंगामात सातपैकी तीनच घरांनी मला भात दिले. दोन भाण असून एक पालथे पडून राहिले. मी ते विकले नाही. विकले असते तर पैसे लगेच फिटले असते, पण काम अर्धे झाले असते, हे मी सुषमाबरोबर बसून मांडून बघितले होते. मी दुसरा मार्ग धरला. पुंडलिकबाबांकडून मोठ्या पारड्याचा जुना तराजू हप्त्याने घेतला आणि ओटीवर टांगला. भात घेताना पायली वापरायची नाही. बाईने स्वतः पारड्यात ओतायचे, स्वतः काटा बघायचा, मी फक्त वहीत लिहायचे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना सुषमा वजनांवरचे आकडे ओळखायला शिकवायची. जयवंतीकाकी पहिल्या दिवशी येऊन नुसती बघत बसली. तिने पाच किलोचे वजन उचलून बघितले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. दुसऱ्या वर्षी तिचे भात आले. तिच्या मागून बाकीची घरेही आली. काकीला तराजूचा इतका नाद लागला की तिने सुरणही माझ्याकडे वजन करून नेले, आणि एकदा नातवाला पारड्यात बसवले.

तीन हंगामांत सहा घरांचे पैसे दिले. जयवंतीकाकीचे सगळ्यांत आधी, व्याजाचे पाच रुपये धरून. तिने ते पाच परत केले. म्हणाली, "ते माझे तोंडाचे होते."

राहिले एक घर. चंद्रावतीकाकीचे. तिचे घेणे सगळ्यांत मोठे, दोनशे दहा पायल्या, आणि तिची गरजही सगळ्यांत मोठी. विधवा बाई, एक मुलगी, दुसऱ्यांची शेते करून आपला वाटा घेणारी. पण ती पैसे घेईना. मी तीनदा गेले, तीनदा तिने चहा दिला आणि पैसे पुन्हा माझ्याकडे सारले.

"शिगेचे पैशे घेवचे नसतत गो. शीग मापान घालीत नाय, मनान घालतत. ती परत घेतलंय तर माझ्या घराक काय रवला?"

मी पैसे घेऊन घरी आले. एक मन म्हणे, ती नको म्हणते तर सुटलीस. पण सुटले असे काही केल्या वाटत नव्हते. मग तिच्या मुलीचे लग्न होऊन ती वाळपईला गेली आणि दोन वर्षांनी काकीही लेकीकडे राहायला गेली. मधे बरीच वर्षे गेली. सुषमा कॉलेजात जाऊ लागली. माझा तांदूळ म्हापशाच्या दोन दुकानांत जाऊ लागला. दुसरे भाण चुलीवर चढले आणि रोज चढू लागले.

एका सकाळी मी वाळपईला जायला निघाले. सुषमा म्हणाली, "दोनशे दहा रुपये ना?" मी म्हटले, नाही. मी काकीचे पैसे ठेवून घेतले नव्हते, भात ठेवून घेतले होते. एकशे पाच किलो. आज भाताचा दर किलोला चार रुपये, म्हणजे चारशे वीस. सुषमाने पुस्तक न उघडता मान डोलावली.

काकी लेकीच्या दारात पातोळ्यांसाठी हळदीची पाने पुसत बसली होती. खूप वाळली होती, पण डोळे तेच. मला बघून उठायला गेली, मी तिला बसवले. बोलणे झाले, सगळ्या वाड्याची चौकशी झाली. मग मी पैशांचे काढले आणि तिने नेहमीसारखा हात वर केला.

या वेळी मी खाली बघून बोलले नाही. इतक्या वर्षांत मला जे मांडता आले नव्हते ते मी बसमध्ये मनात मांडून आणले होते.

"काकी, आदी तू भात शीग घालून देय, आणि मी तांदूळ देय होतंय ते शीग घालून. होय मा?"

"होय."

"मगे मी तराजू धरलंय. तुझी शीग माझ्या घरात येत रवली, पण माझ्याकडसून तुका शीग गेली काय?"

काकीच्या हातातले पान तसेच राहिले. ती विचार करत होती. तिला लिहिता-वाचता येत नसे, पण हिशेबाला ती कधी चुकत नसे. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे करून ती म्हणाली, "म्हणजे एकाच वाटेन गेली."

"होय."

"मगे ती शीग न्हय गो. भातच ता."

"भातच," मी म्हणाले.

तिने हात पदराला पुसून पुढे केला. मी पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. तिने ते मांडीवर घेऊन पुन्हा मोजले, प्रत्येक नोट वेगळी करून. बोटे थांबली. तिने एक दहाची नोट उचलून माझ्यासमोर धरली. "ही जास्त आसा," ती म्हणाली. घाईत मी चारशे तीस दिले होते. मी ती नोट घेतली. बाकीच्या नोटा तिने कमरेच्या पिशवीत ठेवल्या, पिशवीची गाठ मारली आणि लेकीला हाक मारून सांगितले की रुक्मीसाठी चहा ठेव, तिचे सगळे फिटले.